खुरासणी

(कारळे, रामतीळ, ग्विझोशिया ॲबिसिनिका, कुल – ॲस्टरेसी). पिवळ्या फुलांची, पावसाळी, वर्षायू तेलबी. तापीकाठची काळी जमीन कापूस-केळीकडे गेल्यामुळे खानदेशात ती दिसते ती सातपुड्यात, अक्राणी व अक्कलकुवा भागातील हलक्या उतारांवर. सांडलेल्या बियांतून बांधावरही ती आपोआप उगवते व मग इथलेच रानफूल वाटते. काटेकोर अर्थाने ती तशी नाही.

नावावरून इराणमधील खुरासान हे मूलस्थान सुचते. पण खुरासानी ओव्याप्रमाणे येथेही हे विशेषण ‘बाहेरून आलेले’ एवढ्याच अर्थाने जडले असावे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी तिला ‘व्हर्बेसिना सटायव्हा’ म्हटले. ‘सटायव्हा’ म्हणजे लागवडीतील. धाकट्या लिनीअस यांनी (वर्गीकरणकार लिनीअस यांचे पुत्र) त्याआधीच ‘पॉलिम्निया ॲबिसिनिका’ या नावात ॲबिसिनियाचा (इथिओपियाचे जुने नाव) निर्देश केला होता. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कासीनी यांनी १८२९ मध्ये तिला ग्विझोशिया या प्रजातीत (जातींच्या गटात) घातले. इथिओपियाच्या उंच प्रदेशातील ‘ग्वि. स्कॅब्रा’ या वन्य जातीची ‘शिंपेरी’ ही उपजाती तिची पूर्वज मानली जाते. दोहोंत गुणसूत्रे ३० आहेत, आणि निवडीतून लागवडीचे पीक घडले हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतातील आगमनाबाबत इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाचा तर्क केला जातो. तो आफ्रिकेतून नाचणीबरोबर ती आली या गृहीतावर उभा आहे आणि त्या काळातील नाचणीच्या दाण्यांची ओळखच पुढे शंकास्पद ठरली. तेव्हा आगमन बरेच नंतरचे धरणे सुरक्षित.

पेर जुलैत, हेक्टरी सु. ५ किग्रॅ. बियाणे. खोडा-मुळांत हवेच्या पोकळ्या असलेले ऊतक तयार होत असल्याने साचलेल्या पाण्यातही रोप तग धरते. ओलसर सखल पट्ट्यात इतर तेलबियांपेक्षा ती उजवी ठरते, ती यामुळे. अमरवेल या परजीवी वेलीचे बी मिसळलेले बियाणे मात्र टाळावे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोरा येतो. स्तबकाच्या (एकाच फुलासारख्या दिसणाऱ्या गुच्छाच्या) कडेला साधारण ८ जिभल्या, मध्ये नलिकाकार पुष्पके (छोटी फुले). एका झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही (स्व-असंयोग्यता). परपरागण मधमाश्यांवर अवलंबून असते. पावसाळ्याअखेर आग्या, सातेरी व फुलोरी या माश्यांना ती मध व पराग दोन्ही पुरवते. त्यामुळे माश्यांसाठी फुले राखायची तर एकटेदुकटे रोप उपयोगाचे नाही, पट्टाच पेरावा. चटणी व तेल हे उपयोग सर्वश्रुत आहेत.