परसशेती आणि जगण्याची कौशल्यं: अख्ख्या घराचं शिक्षण

घराशेजारच्या छोट्या तुकड्यावर खायला भाजी पिकवायची, दोनचार कोंबड्या नाहीतर एखादी शेळी सांभाळायची, आलेलं पीक टिकवायचं, प्यायचं पाणी स्वच्छ ठेवायचं, मूल आजारी पडलं तर पहिले काही तास काय करायचं ते माहीत असायचं आणि या सगळ्याचा हिशोब वहीत लिहायचा, हे सगळं एकत्र आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांना मिळून शिकवण्याची जी पद्धत आहे तिच्याबद्दलची ही नोंद. कुठे तिला परसबाग कार्यक्रम म्हणतात, कुठे शेतीशाळा, कुठे कुटुंब शेती ट्रेनिंग. नावं बदलतात पण चांगल्या कार्यक्रमांत एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे तिथे विद्यार्थी म्हणून एका माणसाचं नाव लिहीत नाहीत, घराचं लिहितात.

हा विषय किती मोठा आहे ते आकड्यांवरून कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) अंदाजाप्रमाणे जगात ६० कोटींहून जास्त शेतं आहेत, त्यातली साधारण ८४ टक्के २ हेक्टरपेक्षा लहान, त्यांच्याकडे एकूण शेतजमिनीतली १२ टक्क्यांच्या आसपास जमीन, आणि तेवढ्यावर जगातलं साधारण एक तृतीयांश अन्न पिकतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचं दशक म्हणून जाहीर केलंय ते यामुळेच. अर्थात परसबाग म्हणजे २ हेक्टर पण लागत नाही, १० चौरस मीटरवर सुद्धा शिकायला सुरुवात होते, आणि खरं सांगायचं तर नवशिक्या घराने त्याहून जास्त घेऊच नये. मोठा तुकडा घेतला की दुसऱ्या महिन्यात तण हाताबाहेर जातं आणि तिथेच उत्साह संपतो.

घरातल्या सगळ्यांनाच का शिकवायचं

कारण काम आधीच घरात वाटलेलं असतं. पाणी एक जण घालतो, बी दुसरं कोणी जपून ठेवतं, जनावराकडे लहान मूल बघतं, बाजारात तिसराच जातो आणि पैसे कुठे खर्च करायचे ते चौथं माणूस ठरवतं. यातल्या एकाला ट्रेनिंगला बोलावलं आणि तो घरी येऊन म्हणाला की उद्यापासून आच्छादन घालायचं, तर जी व्यक्ती रोज झाडलोट करते तिला तो कचराच वाटणार आणि ती तो उचलून टाकणार, यात तिची काही चूक नाही कारण तिला कोणी सांगितलेलंच नसतं की तो पालापाचोळा मातीतला ओलावा धरून ठेवतो. अंड्यांचंही तसंच. कोंबड्या दिल्या, अंडी आली, पण ती विकायची का मुलांना खायला द्यायची हे घरात बसून बोललंच गेलं नसेल तर सगळी बाजारात जातात. बांगलादेशात हेलन केलर इंटरनॅशनल या संस्थेने १९९० च्या दशकात घराजवळच्या भाजीपाल्याचं मोठं काम उभं केलं, त्याचा उद्देश अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा रातांधळेपणा कमी करणं हा होता, म्हणून वाफ्यात काय लावायचं यासोबत ताटात काय वाढायचं हे पण तिथे शिकवायला लागलं.

ही पद्धत कुठून आली

आई-बापाकडून मुलांकडे शेती जाणं हे तर शेतीइतकंच जुनं. बाहेरच्या माणसाने येऊन घराला शिकवणं हे मात्र नवीन आहे, आणि त्यातला सगळ्यात सुंदर टप्पा मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीचा वाटतो. गुलामगिरी संपून चाळीसेक वर्षं झाली होती, कृष्णवर्णीय शेतकरी बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते, कॉलेजपर्यंत येणं त्यांना शक्य नव्हतं. मग बुकर टी. वॉशिंग्टन आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या संस्थेने १९०६ मध्ये शाळाच गाडीवर चढवली. घोडागाडीत अवजारं, बियाणं, लोणी काढायचं यंत्र असं सामान भरायचं आणि शेतकऱ्याच्या दारात नेऊन तिथेच करून दाखवायचं. पुढे घोडागाडीच्या जागी मोटार ट्रक आला आणि त्यात शेतीच्या शिक्षकासोबत घरकामाचं शिकवणारी बाई आणि नर्स पण जायला लागली. म्हणजे एकाच दिवशी एकाच घरात शेत, स्वयंपाकघर आणि आरोग्य.

त्याच काळात टेक्सासमध्ये सीमन नॅप या शेतीतज्ज्ञांनी १९०३ साली एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावर प्रात्यक्षिक घेतलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, ऐकलेल्यावर माणूस शंका घेतो, बघितलेल्यावरही घेऊ शकतो, स्वतःच्या हाताने केलेल्यावर घेत नाही. १९१० मध्ये साउथ कॅरोलिनात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो क्लब सुरू केले, प्रत्येक मुलीने एक दशांश एकरावर टोमॅटो लावायचे, स्वतः डबाबंद करायचे, विकायचे आणि हिशोब ठेवायचा. पीक, प्रक्रिया, विक्री आणि वही, चारही गोष्टी एका मुलीच्या हातात. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अशा कामाला सरकारी पैसा मिळाला आणि शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणारी कृषी विस्तार ही व्यवस्था तिथे पक्की झाली. भारतात अशाच कामासाठी पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं.

दुसरं मोठं वळण इंडोनेशियातलं. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे वाढत होते आणि जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आणि भुंगे आधी मरत होते. १९८६ मध्ये सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून एफएओच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. २५-३० जणांचा गट, आठवड्यातून एकदा, पेरणीपासून कापणीपर्यंत अख्खा सीझन, आणि वर्ग कुठे तर बांधावर. गटाने रोपं मोजायची, किडी पकडायच्या, कुठली कीड कुठलीला खाते ते बरणीत ठेवून बघायचं, मोठ्या कागदावर चित्र काढायचं आणि फवारायचं की नाही ते आपणच चर्चा करून ठरवायचं. शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, उलटा प्रश्न विचारायचा. शिकवायला हे व्याख्यानापेक्षा कितीतरी अवघड आहे.

याच शाळेचं एक रूप वाचताना पोटात कालवतं. मोझांबिकमध्ये एड्सने इतके आई-बाप गेले की मुलांना शेती शिकवायला घरात कोणी उरलंच नाही, जमीन होती पण बी कधी टाकायचं ते सांगणारा माणूस नव्हता. तिथे २००३ मध्ये एफएओ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने साधारण १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी शेती आणि जीवन शाळा काढल्या, त्यात पेरणीसोबत पोषण, स्वतःच्या शरीराची काळजी, नाही म्हणायचं कसं आणि आपले हक्क कुठले हे पण शिकवलं गेलं. पिकाची वाढ आणि मुलाची वाढ शेजारी शेजारी ठेवून बोलायचं, रोपाला काय त्रास देतं, तुला काय त्रास देतं, असं.

प्रत्यक्षात काय शिकवतात

सुरुवात मातीपासून. एका काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्यायची, पाणी भरायचं, जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ एकदोन तासांत, चिकणमाती बसायला दिवस किंवा जास्त लागतो, आणि मग पट्टी लावून थर मोजले की आपली जमीन पाणी धरणारी आहे की सोडणारी ते लहान मुलालाही दिसतं. हा प्रयोग फुकट आहे आणि मी तर म्हणेन पहिल्या दिवशी हाच घ्यावा, कारण आजोबांपासून नातवापर्यंत सगळे बरणीभोवती जमतात.

मग कंपोस्ट. ढिगात कार्बनवाला वाळका माल आणि नायट्रोजनवाला ओला माल असा मिसळायचा की गुणोत्तर २५ ते ३० ला १ च्या आसपास येईल, पण घरात कोणी असं मोजत नाही, त्यामुळे शिकवताना घमेल्याचा हिशोब सांगतात, २ ते ३ घमेली वाळका पाला तर १ घमेलं ओला कचरा किंवा शेण. मूठभर माल हातात दाबला की एखाददुसरा थेंब निघाला पाहिजे, धार लागली तर ओलं जास्त झालं. साधारण १ घनमीटरचा ढीग असेल तर आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता होते, ढिगात लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढायची आणि हात लावून बघायचा. वास आला तर हवा कमी पडतेय, उलथून वाळका माल घालायचा. गार पडला तर ओला माल कमी किंवा पाणी कमी. एकदा ही भाषा कळली की घराला पुस्तक लागत नाही. ताजं शेण किंवा कोंबडीखत मात्र कच्च्या खायच्या भाजीला काढणीच्या किमान ४ महिने आधी घालून झालेलं पाहिजे, नाहीतर त्यातले जंतू थेट पोटात जातात.

बियाण्याची उगवण तपासायला १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. ८ उगवल्या तर उत्तम, ५ उगवल्या तर दुप्पट दाट पेरायचं. आणि सगळं बी एकाच दिवशी टाकायचं नाही, ही चूक जवळजवळ प्रत्येक नवं घर करतं आणि मग एका आठवड्यात पन्नास मुळे आणि पुढे महिनाभर काहीच नाही. मुळा २५-३० दिवसांत येतो, पालेभाजी साधारण ३०-४५ दिवसांत, टोमॅटोचं रोप लावल्यापासून ६०-८० दिवस, भोपळ्याला तीनचार महिने, हे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून दर दोन आठवड्यांनी एक पट्टा पेरायचा. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी उपटून दाखवायच्या, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, म्हणून एका वाफ्यात पालेभाजी, शेंगा, कंद अशी फेरपालट करायची.

जनावरं नंतर, पहिला सीझन झाल्यावर. कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस, पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, पण थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय आणि लांब पळाली तर उकडतंय. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवस, आणि करडाला जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. जनावर देणाऱ्या कार्यक्रमांत एक चांगली प्रथा हेफर इंटरनॅशनल या संस्थेच्या कामातून पसरली, तिची सुरुवात १९४४ मध्ये प्वेर्तो रिकोला पाठवलेल्या कालवडींपासून झाली. ज्या घराला जनावर मिळालं त्याने त्याचं पहिलं मादी पिल्लू दुसऱ्या घराला द्यायचं, आणि जनावरासोबत सांभाळायची रीतही शिकवायची.

घरातली कौशल्यं म्हणजे पाणी, साठवण, आजार आणि हिशोब. पाणी खळखळून उकळायला लागलं की त्यानंतर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं. जुलाबात १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ, हे मोजमाप तोंडपाठ करून घेतात कारण मीठ जास्त झालं तर बाळाला धोका असतो, आणि मूल पाणी पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा शौचात रक्त असेल तर दवाखाना, तिथे घरगुती उपाय संपले. साठवणीत वाळवणं सगळ्यात सुरक्षित. बाटलीबंद करताना आंबट फळं आणि साध्या भाज्या यात फरक करायलाच लागतो, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या वर असलेल्या पदार्थात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, त्याला दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास उष्णता लागते. हे न सांगता बाटल्या भरायला शिकवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

हिशोबाची वही सगळ्यांना कंटाळवाणी वाटते. पण त्यात विकलेल्या भाजीसोबत घरात खाल्लेली भाजी पण लिहायला लावली की चित्र बदलतं, जे काम आजवर कोणी कमाई म्हणून धरलंच नव्हतं ते आकड्यात दिसायला लागतं, आणि ते बहुतेक बायकांचं असतं.

कुठे बिनसतं

सगळ्यात जास्त बिनसतं ते फुकट सामानाने. बियाणं, जाळी, पाइप सगळं आणून दिलं की पहिलं वर्ष झकास, मग पाइप फुटतो आणि बाग वाळते, कारण तो पाइप जवळच्या दुकानात मिळतच नाही. दुसरं, वेळ. आधीच पाणी-सरपण-स्वयंपाकात दिवस जाणाऱ्या बाईवर बागेचं काम चढवलं तर तिला त्याचं ओझंच होणार, म्हणून आधी घरातल्या कामाचं घड्याळ काढायचं, कोण कितीला उठतं, कोण किती वेळ काय करतं, आणि मग वाटणी बोलायची. मुलांनी शिकावं हे खरं पण त्यांची शाळा बुडता कामा नये, फवारणीचं औषध तर त्यांच्या हातात नकोच. आणि जमीन दुसऱ्याची असेल तर तिथे झाडं लावा, माती सुधारा हे सांगून उपयोग नसतो, सुधारलेली जमीन मालक परत मागेल ही भीती खरी असते, अशा घराला कुंड्या, पोती, उचलून नेता येतील असे वाफे शिकवावे लागतात.

कार्यक्रम जमला का ते किती जणांनी हजेरी लावली यावरून ठरवायची सवय आहे, पण त्यातून फार काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी, ट्रेनर यायचा बंद झाल्यावर, न सांगता जाऊन बघावं लागतं. ढीग अजून गरम आहे का, वाफ्यात वेगवेगळ्या वयाची रोपं आहेत का, घरात कुठेतरी डब्यात नाव आणि तारीख लिहिलेलं स्वतःचं बी ठेवलंय का, आणि हे सगळं दाखवायला घरातलं कोण पुढे येतं. कधीकधी सात-आठ वर्षांची मुलगी हाताला धरून नेते आणि सळई काढून म्हणते, हात लावून बघा.