राखणदार जातीचं पिल्लू दत्तक घेताना: आधी हाडं आणि कुंपण, मग हुकूम

ग्रेट पिरेनीज, कांगल, मरेम्मा ही कुत्री मेंढ्या वळवत नाहीत, राखतात. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्याचे कान मालकाच्या शिट्टीकडे असतात. राखणदाराला मात्र माणूस जवळ नसताना, बहुतेक वेळा रात्री, समोरचा प्राणी धोक्याचा आहे का हे स्वतःच ठरवावं लागतं. पिढ्यानपिढ्या मेंढपाळांनी याच गुणासाठी कुत्री निवडली. म्हणून असं पिल्लू ‘बस’ म्हटल्यावर आधी आजूबाजूला पाहतं आणि पटलं तर बसतं. मारूनमुटकून हे बदलत नाही. पहिल्या वर्षातली मेहनत हुकुमांपेक्षा खाणं, कुंपण आणि ओळखींवर खर्च करावी.

सोडून दिलेली कुत्री सांभाळून दत्तक देणाऱ्या रेस्क्यू संस्थेकडे अशी कुत्री अनेकदा ऐन वाढीच्या वयात येतात. तक्रारी ठरलेल्या: रात्रभर भुंकतो, कुंपण ओलांडतो, पाहुण्यांना आत येऊ देत नाही. खरं तर तो त्याचं कामच करत असतो. त्यामुळे संस्थेला नेमके प्रश्न विचारावेत. जेवताना कुणी जवळ गेलं तर काय करतो? कुंपण किती उंच होतं आणि त्यातून तो कसा निघाला? मांजर, लहान मुलं, दुसरी कुत्री यांच्यासोबत राहिलाय का? ‘फार गोड आहे’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हे.

वय सांगितलेलं असलं तरी ओठ वर करून दात पाहावेत, कारण आकार फसवतो. चार-पाच महिन्यांचं पिल्लूही वीस किलो भरू शकतं. दुधाचे दात 28, कायमचे 42. पुढचे बारीक दात साधारण तीन ते पाच महिन्यांत बदलतात, सुळे पाच-सहा महिन्यांत येतात आणि सगळ्यात मागच्या दाढा सातव्या महिन्यापर्यंत. सुळे अर्धवट वर आलेले दिसले, तर पिल्लू सहा महिन्यांच्या आसपासचं आहे आणि त्याची हाडं अजून बरीच वाढायची आहेत.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ अशा ऊतीच्या, ग्रोथ प्लेट असतात. तिथे नवी कूर्चा तयार होते आणि तिचं हाड बनत जातं. थोराड जातींत त्या बंद व्हायला दीड वर्षही लागतं. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं जास्तीचं कॅल्शियम बऱ्याच अंशी शोषून घेत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हा आवर नीट घालता येत नाही. ताटात जेवढं जास्त पडेल तेवढं जास्त शरीरात जातं, कूर्चेचं हाड होण्याची प्रक्रिया बिघडते, सांध्यातली कूर्चा सुटते, पाय वाकडे होतात. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रेट डेन पिल्लांवरच्या डच प्रयोगांनी हे स्पष्ट दाखवलं. तेव्हा ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून वरून कॅल्शियमची पावडर घालू नये. उलट नुसतं मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं पोकळ होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं संतुलित खाद्य निवडावं; त्याच्या कोरड्या अंशात, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागात, कॅल्शियम 1 ते 1.5 टक्क्यांच्या दरम्यान असलेलं बरं.

बारीक पिल्लू पाहून ताट भरण्याचा मोह होतो. तो आवरावा. जुन्या खाद्यात नवं मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा, दिवसाचं खाणं तीन-चार वेळांत विभागावं आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवावं. अंगावर हात फिरवल्यावर बरगड्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. लॅब्रॅडॉरवरच्या दीर्घ अभ्यासात जोडीला धरलेल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. जाड केसांखाली लठ्ठपणा लपतो, तेव्हा नजरेवर विसंबू नये.

व्यायामात ओढूनताणून पळवणं आणि उड्या नकोत. मऊ जमिनीवर मोकळं बागडणं हवं. गुळगुळीत फरशीवर चटया टाकाव्यात. अचानक लंगडणं सुरू झालं आणि काही दिवसांनी ते दुसऱ्या पायात गेलं, तर तो बहुधा वाढीच्या वयातला हाडांचा दाह असतो. तरीही पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी.

नसबंदीचा प्रश्न संस्थेशी आधीच बोलावा. लैंगिक संप्रेरकं ग्रोथ प्लेट बंद करतात. नसबंदीने ती लवकर थांबली की हाडं जास्त काळ लांबत राहतात. अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीनंतर सांध्यांचे विकार जास्त आढळले आहेत. काही संस्था शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा लेखी करार करतात. तसा करार मिळतो का ते विचारून पाहावं.

कुंपण सहा फूट तरी हवं. खालून उकरून जाऊ नये म्हणून दीड-दोन फूट रुंद जाळी आतल्या बाजूला जमिनीलगत वळवून पुरावी. फाटकाला दुसरं आतलं दार केलं तर उत्तम. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याचं अदृश्य कुंपण इथे कुचकामी: धोका दिसला की राखणदार झटका सोसून बाहेर जातो, आणि परत येताना पुन्हा झटका नको म्हणून बाहेरच थांबतो. पहिले दोन-तीन आठवडे अंगणातही पट्टा सोडू नये. एक दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, दुसरी गळपट्ट्याला.

वाडग्याजवळ गेल्यावर गुरगुरला, तर वाडगं हिसकावू नये आणि ओरडूही नये. गुरगुर ही सूचना आहे. ती दाबली की कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो. चार पावलं लांबून मांसाचा तुकडा वाडग्याच्या दिशेने टाकावा आणि निघून जावं. अंग सैल राहिलं, शेपूट हलली, की दुसऱ्या दिवशी पाऊलभर पुढे. अंग ताठ झालं, नुसतं खाणं थांबलं तरी, मागे. मुलांना मात्र त्या वेळी दाराबाहेरच ठेवावं.

आठव्या महिन्याच्या सुमारास शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वाटतं. 2020 च्या एका ब्रिटिश अभ्यासात या वयातली कुत्री नेमकी आपल्या सांभाळणाऱ्याचंच कमी ऐकत होती, परक्याचं नाही! हे ओसरतं. परक्यांबद्दलचा संशय मात्र राखणदारात याच काळात वाढू लागतो आणि दोन-तीन वर्षांच्या वयात पक्का होतो. म्हणून पाहुण्याला कुत्र्यासमोर एकदम घरात घेऊ नये. कुत्र्याला पट्ट्यावर फाटकाबाहेर न्यावं, पाहुण्यासोबत समांतर थोडं चालावं. पाहुण्याने त्याच्याकडे रोखून पाहू नये, हात पुढे करू नये. मग तिघांनी एकत्र आत यावं, कुत्रा सर्वांत शेवटी.