शुक्राणू आधी मुरावा लागतो

ठाण्यात रिक्षांच्या पाठीवर आणि घोडबंदर रोडलगतच्या फलकांवर टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांच्या जाहिराती असतात. चित्र बहुतेक वेळा एकच: मधे मोठा गोल आणि त्याच्याकडे झेपावणारे शुक्राणू. सर्वांत वेगवान शुक्राणू जिंकला, ही समजूत त्या चित्रातून पक्की होते. प्रत्यक्षात जो सर्वांत आधी पोचतो, त्याच्या हातून गर्भधारणा होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत एका वेळच्या वीर्यातल्या एकूण शुक्राणूंची खालची मर्यादा ३ कोटी ९० लाख धरली आहे. त्यातले अंडनलिकेच्या फुगीर भागापर्यंत, जिथे फलन होतं तिथे, पोचतात जेमतेम काहीशे. गर्भाशयाच्या स्नायूंच्या आकुंचनाने काही शुक्राणू मिनिटांतच वर ढकलले जातात. पण ते कच्चे असतात. अंडपेशी समोर असली तरी तिच्या आवरणातून ते आत जाऊ शकत नाहीत. १९५१ मध्ये अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. प्राण्यांच्या अंडनलिकेत ताजे शुक्राणू अंडपेशी सुटण्याच्या ऐन वेळी सोडले तर फलन होत नव्हतं, काही तास आधी सोडले तर होत होतं. या तयारीला कॅपॅसिटेशन म्हणतात. लोणचं मुरतं तसा शुक्राणूही मुरावा लागतो, म्हणून इथे आपण त्याला मुरणंच म्हणू.

मुरताना नेमकं काय होतं? वीर्यातून आलेल्या शुक्राणूवर प्रथिनांचा लेप असतो आणि त्याच्या पटलात, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात, कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं. त्यामुळे पटल घट्ट राहतं आणि डोक्यावरच्या टोपीतली विकरं (एन्झाइम) वाटेतच सांडत नाहीत. गर्भाशयमुखाचा स्राव पार करताना लेप बराचसा मागे राहतो. पुढे अल्ब्युमिन हे प्रथिन पटलातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि पटल सैल होतं. त्याच वेळी बायकार्बोनेट आत शिरतं. अधिवृषणात, जिथे शुक्राणू साठवलेले असतात, तिथे ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. अंडनलिकेत ते भरपूर असतं. ते एका विकराला जागं करतं, ते विकर चक्रीय एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवतं, आणि त्यातून शेपटीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढू लागतात. शुक्राणूच्या आतला सामूही (पीएच) वाढतो.

आता शेवटचं दार. शेपटीच्या मुख्य भागावर लांबीच्या दिशेने चार ओळींत कॅटस्पर नावाची कॅल्शियमची दारं बसवलेली असतात. ती २००१ मध्ये सापडली. सामू वाढला की ती किलकिली होतात. अंडपेशीभोवतीच्या पेशींतून पाझरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळालं की ती उघडतात, हे माणसाच्या शुक्राणूत २०११ मध्ये दिसलं. कॅल्शियम आत घुसतं आणि शेपटीची चाल बदलते. सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल स्पष्ट दिसतो. आधी शेपूट दोन्ही बाजूंना सारखी वळवळते आणि शुक्राणू सरळ रेषेत जातो. मग शेपूट एकाच बाजूला चाबकासारखी फटकारू लागते आणि तो पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी हिसके देतो. बघणाऱ्याला वाटेल याची दिशा हरवली. पण अंडनलिकेच्या भिंतीला चिकटलेला शुक्राणू सुटतो तो याच हिसक्यांनी, आणि अंडपेशीभोवतीचं जाड पारदर्शी आवरण भेदतो तेही यांनीच. कॅटस्पर नसलेल्या उंदरांचे शुक्राणू पोहतात, पण आवरणापाशी थांबतात. असे नर वंध्य असतात.

सगळे शुक्राणू एकदम मुरत नाहीत, हीच यातली सर्वांत सुंदर गोष्ट. एका वेळी साधारण १० टक्केच तयार असतात, ही अवस्था एक ते चार तास टिकते आणि आयुष्यात एकदाच येते. एक तुकडी संपते, दुसरी तयार होते, ठाण्याहून वाशीकडे लोकल थोड्या थोड्या वेळाने सुटतात तशी. अंडपेशी बाहेर पडण्याची वेळ नक्की नसते आणि ती जेमतेम दिवसभर टिकते. सगळे शुक्राणू एकाच तासात तयार होऊन संपले असते, तर बहुतेक महिने वाया गेले असते.

सम तारखेला संबंध आला तर मुलगा, विषम तारखेला मुलगी, हे अजूनही सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतं. ते निखालस खोटं आहे. गर्भाशयमुखाच्या स्रावात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. सोमवारी संबंध आला तरी फलन गुरुवारी होऊ शकतं. मग तारीख कुठली मोजणार? लिंग ठरतं ते शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर, आणि दोन्ही जवळपास निम्मे निम्मे तयार होतात. तरी मुलगी झाली की दोष बाईच्या माथी मारला जातो. हा अन्याय आहे आणि तो थांबलाच पाहिजे.

मुरण्याचा शोध लागला नसता तर टेस्ट ट्यूब बेबी झाली नसती. १९५९ मध्ये चँग यांनी सशाच्या अंडपेशीचं शरीराबाहेर फलन केलं, तेव्हा मादीच्या गर्भाशयात मुरलेलेच शुक्राणू वापरले होते. आज हे काम द्रावण करतं. त्यात बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन असतं. प्रयोगशाळेत वीर्य कमी-जास्त दाटीच्या द्रावणाच्या, ४० आणि ८० टक्क्यांच्या, दोन थरांवर ओततात आणि गुरुत्वाच्या सुमारे ३०० पट बलाने २० मिनिटं फिरवतात. चांगले शुक्राणू तळाशी बसतात. जास्त जोराने फिरवलं तर ऑक्सिजनचे घातक कण तयार होऊन पटलाला इजा होते. मग एका अंडपेशीमागे ५० हजार ते एक लाख शुक्राणू सोडतात. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान आणि ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. दार फार वेळ उघडं राहिलं की हा वायू निसटतो आणि बायकार्बोनेटच्या द्रावणाचा सामू बिघडतो. म्हणून ज्या थेंबांत अंडपेशी ठेवतात, त्यांवर तेलाचा थर असतो.

तपासणीसाठी वीर्याचा नमुना घरून नेणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. आधीच्या वीर्यस्खलनापासून दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवावं. लॅबनेच दिलेली रुंद तोंडाची डबी वापरावी. साबण, तेल किंवा साधा निरोध चालत नाही. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी, फ्रीजमध्ये नाही. अर्ध्या तासात पोचवणं उत्तम, तासाच्या पुढे नको. कळव्याहून नौपाड्याला यायचं असेल तर संध्याकाळची वाहतूक धरून निघावं, नाहीतर नमुना केंद्रातच द्यावा.

या तपासणीत संख्या, हालचाल आणि आकार कळतो, मुरण्याची क्षमता कळत नाही. सगळे आकडे ठीक असूनही एखाद्याची कॅटस्परची दारं उघडत नसतात. ते कळतं फलनाच्या वेळी. शुक्राणू सोडल्यावर १६ ते १८ तासांनी अंडपेशीत दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसायला हवीत, एक आईचं आणि एक वडिलांचं. तीन दिसली तर बहुधा दोन शुक्राणू शिरले आहेत, तो गर्भ वापरत नाहीत. एकाही अंडपेशीत काहीच दिसलं नाही, तर पुढच्या वेळी निम्म्या अंडपेशींत सुईने थेट शुक्राणू सोडायचा का, हे डॉक्टरांना विचारावं. इक्सी नावाची ही पद्धत १९९२ पासून आहे. तिच्यात मुरण्याचा टप्पाच वगळला जातो.