जीएच : इंग्रजी शब्दांतील एक अक्षरजोडी

जीएच ही इंग्रजी लेखनातील अक्षरजोडी तीन तऱ्हांनी वागते. नाइट (रात्र), डॉटर (मुलगी), नेबर (शेजारी) या शब्दांत ती लिहिली जाते पण उच्चारली जात नाही. टफ (चिवट), रफ (खडबडीत), लाफ (हसणे) यांत तिचा फ होतो. घोस्ट (भूत) या शब्दात इंग्रज तिचा नुसता ग करतात. घोरपडे, घाटगे ही नावे रोमन लिपीत जीएचने लिहिणारा मराठी माणूस मात्र सरळ घ म्हणतो. शाळेत ही जोडी पाठांतराचा जाच ठरते, पण तिच्यामागे एक हरवलेला उच्चार आहे आणि तो समजला की बहुतेक कोडी सुटतात.

जुन्या इंग्रजीत रात्रीला ‘निख्त’च्या जवळपासचा शब्द होता. त्यातला व्यंजनध्वनी घशात घासून येणारा, उर्दूतल्या ख़सारखा. तेव्हा तो नुसत्या एच अक्षराने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लेखनाच्या रीती बदलत गेल्या आणि त्या ध्वनीसाठी जीएच रूढ झाले. पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून तो ध्वनी ओसरला. स्पेलिंग तोवर छापखान्यांमुळे बरेचसे ठरून गेले होते. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत रात्रीला अजून ‘निख्त’ म्हणतात, जर्मनीत ‘नाख्त’.

काही बोलींमध्ये हा ध्वनी नाहीसा न होता ओठांवर सरकला आणि त्याचा फ झाला. औ किंवा ऊ असा ओठ गोल करायला लावणारा स्वर आधी असेल, तिथेच हे घडले. म्हणून लाइट, राइट, एट यांत फ कधीच येत नाही. कॉफ (खोकला), इनफ (पुरेसे), ट्रॉफ (जनावरांची गव्हाण) यांत येतो. प्रमाण इंग्रजीने वेगवेगळ्या बोलींतून उच्चार उचलल्यामुळे ओयूजीएच या चार अक्षरांची मात्र पुरती सरमिसळ झाली: दो (तरीही), थ्रू (मधून), बाउ (झाडाची फांदी), थॉट (विचार), थरो (सखोल). कणीक या अर्थाचा ‘डो’ आणि पुडिंगच्या एका प्रकाराचे नाव ‘डफ’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. ‘स्लाउ’ म्हणजे दलदल आणि ‘स्लफ’ म्हणजे सापाने कात टाकणे यांचे स्पेलिंग सारखेच, पण ते दोन निराळे शब्द आहेत.

मराठी वाचकाला या शब्दांत स्वतःचा फायदा करून घेता येतो, कारण यांतल्या कित्येकांचे सगेसोयरे आपल्याकडे आहेत. ‘एट’ म्हणजे संस्कृत अष्ट, आपला आठ. ‘नाइट’चे नाते नक्त या शब्दाशी, दिवसभर उपास धरून रात्री जेवण्याच्या व्रताला नक्त म्हणतात ते याच अर्थाने. ‘डॉटर’ म्हणजे दुहिता, आणि गोव्यात कोकणी बोलणारा मुलीला ‘धूव’ म्हणतो तोही त्याच घरचा शब्द. हलका या अर्थाचा ‘लाइट’ लघुशी, सरळ किंवा योग्य या अर्थाचा ‘राइट’ ऋजुशी जोडलेला आहे. वजन करणे या अर्थाचा ‘वे’ वह् धातूच्या कुळातला: आधी वाहून नेणे, मग उचलणे, त्यातून तोलणे. कणकेचा ‘डो’ तर देह या शब्दाचा नातलग आहे, मूळ अर्थ माती मळून आकार देणे. इंग्रजीत एच असलेल्या जागी लॅटिन, संस्कृतमध्ये क किंवा त्याचे रूप का दिसते, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये नियमात बसवले. औषधाच्या दुकानातला ‘कफ सिरप’ मात्र या नात्यात येत नाही. त्यातला इंग्रजी शब्द म्हणजे वरचाच ‘कॉफ’; तो खोकण्याच्या आवाजावरून आला, आयुर्वेदातल्या कफाशी त्याचा संबंध नाही.

अर्थाची वाटचालही पाहण्यासारखी आहे. ‘नाइट’ हा केने सुरू होणारा शब्द आधी पोरगा, मग चाकर, आणि शेवटी घोडेस्वार सरदार झाला. ‘नॉटी’ म्हणजे खोडकर, पण मूळ अर्थ जवळ काही नसलेला. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. आपण त्याच काळाला पंधरवडा म्हणतो. ‘ब्लाइट’ म्हणजे पिकावरचा करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर हाच पडला आणि भीषण दुष्काळ ओढवला.

काही शब्दांत ही जोडी उपरी आहे. ‘डिलाइट’ (आनंद) फ्रेंचमधून आला, त्यात असा ध्वनी कधी नव्हता. सोळाव्या शतकात ‘लाइट’च्या नादाने त्यात जीएच घुसले. विल्यम कॅक्स्टन बेल्जियममधल्या ब्रुग्ज शहरात राहून आले होते आणि १४७६ मध्ये त्यांनी वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. ‘घोस्ट’मधला एच तिथल्या फ्लेमिश भाषेच्या लेखनाच्या वळणाने त्यांच्याच काळात शिरला, असे मानतात. ‘घाट’ हा शब्द भारतातूनच इंग्रजीत गेला; पश्चिम घाटाच्या इंग्रजी नावात तो आहे.

जीएचओटीआय असे लिहून ‘फिश’ वाचायचे (जीएच ‘टफ’मधला, ओ ‘विमेन’मधला, टीआय ‘नेशन’मधला), हे कोडे इंग्रजीच्या टिंगलीसाठी फार सांगितले जाते आणि नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवले जाते. ते १८५५ च्या एका पत्रात आढळते, म्हणजे शॉ यांच्या जन्माच्या आधी. शिवाय ते अन्यायाचे आहे: शब्दाच्या आरंभी जीएचचा फ कधीही होत नाही.

अमेरिकेत ‘प्लाउ’ (नांगर) आणि ‘ड्राफ्ट’ यांतून जीएच काढून टाकले गेले. गावांच्या नावांत मात्र लोक अडून बसतात. पिट्सबर्ग या अमेरिकी शहराच्या नावातला शेवटचा एच देशाच्या सरकारी नामकरण मंडळाने १८९१ मध्ये वगळला होता, तो १९११ मध्ये परत द्यावा लागला.