तंबाखूला चुना का लागतो?

गेल्या महिन्यात गावच्या शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण होतं. वक्ते कळकळीने बोलत होते, पण मधेच म्हणाले, "चुन्याने ओठाला बारीक चिरा पडतात आणि त्यातून तंबाखू थेट रक्तात जाते." पोरांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी बसलेले आजोबा पन्नास वर्षं मळून खाणारे. ते पुटपुटले, "चिरा कसल्या? चुन्याबिगर ती लागतच नाही. गवत चघळल्यागत वाटतं."

चुन्याने ओठाची आतली त्वचा भाजते, हे खरं. पण तंबाखू 'लागायला' चिरांची गरज नसते. धडधाकट त्वचेतूनही तिच्यातलं नशा आणणारं निकोटीन आत शिरतं, आणि वाट करून देतं ते रसायनशास्त्र.

तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्याने मळणं, मग दोन-चार थापट्या. मळताना नाकाला झोंबणारा वास येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवून अमोनिया वायू काढायचो, आठवतंय? तळहातावर जवळपास तोच प्रयोग चाललेला असतो. चुना हा तीव्र आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ (बेस). अमोनिया सौम्य. तीव्र आम्लारी आला की क्षारात अडकलेला सौम्य आम्लारी मोकळा होतो.

निकोटीन हाही सौम्य आम्लारीच. पानात ते बहुतांशी मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांशी जखडलेलं असतं. म्हणजे त्याच्या एका नायट्रोजनने हायड्रोजन आयन पकडून ठेवलेला असतो आणि त्यामुळे अख्ख्या रेणूवर धनप्रभार असतो. सगळी मेख या प्रभारात आहे. फोडणीच्या तेलात हळद टाकली तर रंग सोडते, मीठ टाकलं तर तळाशी बसून राहतं. प्रभार असलेल्या कणांना तेल मानवत नाही. आपल्या पेशींभोवतीचं पटल मेदाचं, म्हणजे तेलाच्या जातीचं. प्रभारित निकोटीन त्याच्या दारातच अडतं. चुन्याने तो हायड्रोजन आयन हिरावून घेतला की उरलेला रेणू हळदीसारखा वागतो आणि आरपार जातो.

किती रेणू मोकळे होतात, याचा हिशेब सोपा आहे. द्रव किती आम्ल वा आम्लारी आहे ते पीएच या आकड्याने मोजतात: ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी. ज्या पीएचला निम्मे रेणू प्रभार टाकतात, तो आकडा म्हणजे पीकेए. निकोटीनचा पीकेए सुमारे ८. म्हणजे पीएच ८ असताना निम्मे रेणू मोकळे, निम्मे प्रभारित. पीएच एकाने उतरला की मोकळ्यांचं प्रभारितांशी प्रमाण दहापट घटतं, चढला की दहापट वाढतं. म्हणून पीएच ६ ला मोकळं निकोटीन जेमतेम १ टक्का, ७ ला ९, ८ ला ५० आणि ९ ला ९१ टक्के. लाळेचा पीएच साधारण ६ ते ७ च्या आसपास असतो, चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा १२ च्या वर. शिवाय हा तोल सरकता आहे. मोकळे रेणू पटलापलीकडे गेले की मागे राहिलेल्यांतले आणखी काही प्रभार टाकतात आणि त्यांच्या मागोमाग निघतात. (गणिताने डोकं चढलं असेल तर १ आणि ९१ एवढेच आकडे लक्षात ठेवा.)

सिगार आणि सिगारेट यांतला फरकही इथेच आहे. सिगारचा धूर आम्लारीधर्मी, त्यातलं निकोटीन तोंडातच शोषलं जातं. बहुतेक सिगारेटींचा धूर किंचित आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढावा लागतो.

पीएच ही कल्पना सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली १९०९ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात लोक कोकाची पानं राखेसोबत चघळत होते. तिथे किनोआच्या काडांची राख मळून वड्या करतात, त्यांना 'लिप्ता' म्हणतात. कोलंबियातले कोगी लोक शिंपले भाजून चुना करतात, छोट्या भोपळ्यात ठेवतात आणि काडीने चाटतात. कोकाच्या पानांतल्या कोकेनचा पीकेए ८.६, म्हणजे गणित तेच. ऑस्ट्रेलियातले आदिवासी 'पितुरी' नावाच्या झुडपाची पानं राखेत मळून चघळत. त्या पानांतही निकोटीनच! आपला विडा धरला तर तीन खंडांतले लोक, एकमेकांशी गाठभेट नाही, आणि तिघांनाही युक्ती सापडली.

आपल्या विड्यात चुना आणखी दोन कामं करतो. सुपारीतल्या अ‍ॅरिकोलिन या द्रव्याला तोडून त्याचं अ‍ॅरिकाइडिन हे दुसरं द्रव्य करतो, आणि कात-सुपारीतल्या टॅनिनसारख्या द्रव्यांचं ऑक्सिडीकरण वेगाने घडवून विडा रंगवतो. या ऑक्सिडीकरणात पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणूही तयार होतात. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे.

एवढं असून व्हॉट्सअ‍ॅपवर 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, सत्तर रोग पळतील' हा निरोप फिरतोच. 'अल्कलाइन' म्हणजे आम्लारीधर्मी पाण्याच्या महागड्या बाटल्याही खपतात. ते पाणी जठरातल्या आम्लात पडलं की त्याचा अल्कलाइनपणा तिथेच संपतो.

भाषणानंतर आजोबांना तंबाखू सोडण्यासाठी मिळणारं निकोटीनचं च्युइंग गम दाखवलं. त्यातही सोडियम कार्बोनेट असतं, लाळ आम्लारीधर्मी करायला. म्हणूनच गमच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, कोला अशी आम्लधर्मी पेयं घ्यायची नसतात. आजोबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे यालाही चुना लावलाय म्हणा की."