एमबीए मार्केटिंगचा प्रवेश : सीईटी निघते, कागद अडवतात

गेल्या जूनमध्ये भुदरगडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या मदत टेबलावर आले. शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून नॉन-क्रिमीलेअरचं, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं, प्रमाणपत्र. पावसात भिजू नये म्हणून लॅमिनेट केलेलं. मुलीला सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, चांगले पर्सेंटाइल होते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची पोस्टरं तीच करायची, जाहिरात क्षेत्रातच जायचं हे तिचं ठरलेलं. प्रमाणपत्र मी दोनदा वाचलं. खाली लिहिलं होतं, ३१ मार्चपर्यंत वैध. ‘सर, साहेबांचा सही-शिक्का हाय की त्यावर,’ वडील म्हणाले. सही होती, शिक्का होता. मुदत अडीच महिन्यांपूर्वी संपली होती.

असे लोक दर वर्षी येतात आणि दर वर्षी आपण उशीर झाला म्हणून सांगतो. म्हणून हे लिहितोय. परीक्षेचा अभ्यास कसा करायचा ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी फक्त प्रवेश कुठे अडकतो तेवढंच सांगणार आहे.

आधी दार कोणतं ते ठरवा

कोल्हापूरला जाहिरात नवी नाही. बाबुराव पेंटरांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची पोस्टरं स्वतः रंगवली, ती याच गावात. पण आज या धंद्यात शिरायचे रस्ते वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आहे. हात चित्रकलेचा असेल तर उपयोजित कला, त्याची सीईटी स्वतंत्र. बारावीनंतर बीबीए, बीएमएस. पदवीनंतर एमबीए. अहमदाबादच्या मायकासारख्या संस्था स्वतःची परीक्षा घेतात, तिथे आपली सीईटी चालत नाही. हा लेख मुख्यतः एमबीएसाठी आहे, पण कागदांचं बोलणं बीबीएवाल्यांनाही तेवढंच लागू आहे.

बारावीवाल्यांना एकच सांगणं. बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. पहिल्या वर्षी कितीतरी मुलांना पत्ताच नव्हता, शेवटी ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी मग जवळजवळ तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नावाखाली सुरू केला, त्याला सीईटी लागत नाही. तेव्हा ‘बीबीएसारखंच आहे’ यावर समाधान मानू नका. पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार ते विचारा आणि त्याला सीईटी लागते का तेही विचारा. हे जानेवारीत विचारायचं, जुलैत नव्हे.

एमबीएच्या पर्यायांच्या यादीत मुलं ‘जाहिरात’ शोधत बसतात. ती तिथे बहुतेक सापडत नाही. प्रवेश एमबीएला होतो, मार्केटिंग हे स्पेशलायझेशन पुढे निवडायचं असतं. म्हणून कॉलेज निवडताना तिथे मार्केटिंगची तुकडी खरोखर चालते का, की मुलं कमी म्हणून सगळ्यांना फायनान्सकडे वळवतात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. माहितीपत्रकात सगळंच चालू असतं.

पात्रता

कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी, ५० टक्के गुणांनी. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. ४९.९ चे ५० होत नाहीत, कितीही विनवण्या केल्या तरी. गुणपत्रिकेवर टक्के नसून सीजीपीए असेल तर त्याचं टक्क्यांत रूपांतर केलेलं पत्र विद्यापीठाकडून आधीच घ्या. शेवटच्या वर्षाची मुलं सीईटी देऊ शकतात.

परीक्षा २०० प्रश्नांची, १५० मिनिटांची, चुकीला गुण कापत नाहीत. तर्क, आकडेमोड, इंग्रजी. मार्केटिंगचं काही विचारत नाहीत.

सीईटीचा फॉर्म म्हणजे प्रवेशाचा फॉर्म नव्हे

सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात. डिसेंबर-जानेवारीत सीईटीचा फॉर्म भरला, पैसे भरले, परीक्षा दिली, निकाल आला. मग पोरगं घरी वाट बघत बसतं की कॉलेजकडून फोन येईल. कुणाचा फोन येत नाही. निकालानंतर सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी सुरू होते. तिचा फॉर्म वेगळा, शुल्क वेगळं, मुदत वेगळी. ती केली नाही तर ९९ पर्सेंटाइलचाही उपयोग नाही. प्रवेशाची सूचना लांबलचक असते आणि तारखा तक्त्यात दडलेल्या असतात, त्यामुळे हे मुलांच्या लक्षात येत नाही. चूक मुलांची नाही असंच माझं मत आहे, पण जागा जाते ती मुलांचीच.

हीच नोंदणी तुम्हाला शिवाजी विद्यापीठाच्या वाणिज्य व व्यवस्थापन अधिविभागातही नेते आणि मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतही. पुण्या-मुंबईसाठी वेगळा फॉर्म आहे असं समजून बसू नका.

नॉन-क्रिमीलेअर : तारीख वाचा, शिक्का नंतर

ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना हे लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. प्रमाणपत्र ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. आता बघा काय होतं. मुलगा हुशार असतो, वेळेत तयारी करतो, जानेवारीतच प्रमाणपत्र काढून ठेवतो. ते त्याच मार्चअखेर संपतं. कॅप जूनच्या आसपास उघडते. म्हणजे ज्याने घाई केली तोच अडकला. तीन वर्षांचं प्रमाणपत्र असेल तर शेवटची तारीख बघा, नाहीतर एप्रिल उजाडला की पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. आधी उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, मग नॉन-क्रिमीलेअर प्रांत कार्यालयातून. दोन्ही मिळून महिना सहज जातो, आणि मे-जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

भुदरगडच्या त्या मुलीने त्याच दिवशी नवा अर्ज केला. प्रमाणपत्र हातात पडलं तोवर कागदपत्रांची तपासणी बंद झाली होती. तिचं नाव खुल्या गटात गेलं. जागा मिळाली, पण पहिल्या पसंतीचं पुण्याचं कॉलेज थोडक्यात गेलं.

जात वैधता : बी.कॉम.वाल्यांना कुणी सांगतच नाही

विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावी-बारावीत कॉलेजच ‘व्हॅलिडिटीची फाइल टाका’ म्हणून मागे लागतं. बी.कॉम., बी.ए.ला ती कुणी विचारत नाही. मुलगा तीन वर्षं जात प्रमाणपत्रावर निभावतो आणि एमबीएच्या दारात त्याला पहिल्यांदा कळतं की नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. मार्केटिंगला येणारी मुलं बहुतेक वाणिज्य शाखेची, म्हणून आमच्या टेबलावर हे दुखणं जास्त.

अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायचा. नमुना १६ चा अर्ज, कॉलेजचं १५-ए चं पत्र, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि दुसरं शपथपत्र नमुना १७ मध्ये. एवढं कुठलाही सेतूवाला करून देतो. खरी गोम जुन्या पुराव्यात आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तो आणायचा कुठून? चुलत आजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात आहे का बघा, आजोबांच्या सख्ख्या भावाचा उताराही चालतो. तेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. आपलं कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. त्याआधीच्या कितीतरी नोंदी मोडीत आहेत, त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. यात आठवडे जातात. आणि वडिलांच्या बाजूच्या कुणा रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल तर पहिल्यांदा त्यांच्या घरी जा. त्या एका कागदाने फाइल हलकी होते. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तरी जा, कागद मागायला कमीपणा नाही.

काही वर्षी शासनाने समितीच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश दिला आणि प्रमाणपत्राला मुदत वाढवून दिली. त्या आशेवर राहू नका. पदवीच्या शेवटच्या वर्षाला पाय टाकलात की फाइल टाका.

एसईबीसी, ईडब्ल्यूएस, कुणबी

आपल्या जिल्ह्यात मराठा मुलं मोठ्या संख्येने, म्हणून हे नीट वाचा. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला एसईबीसी म्हणून १० टक्के आरक्षण दिलं. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचं आरक्षण, हे ज्यांना दुसरं कोणतंच आरक्षण लागू नाही त्यांच्यासाठी. त्यामुळे थोरल्या भावाने पूर्वी ईडब्ल्यूएसमधून प्रवेश घेतला होता म्हणून धाकट्याने त्याच कागदाची नक्कल काढू नये. ज्यांच्या कुणबी नोंदी सापडल्या आणि प्रमाणपत्र मिळालं ते ओबीसीत. फॉर्ममध्ये एकच दावा चालतो, आणि अंतिम गुणवत्ता यादी लागल्यावर तो बदलता येत नाही.

दुसरी चूक नमुन्याची. केंद्राच्या परीक्षेसाठी काढलेलं केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मुलं इथे अपलोड करतात. राज्याच्या प्रवेशाला राज्याचा नमुना लागतो. दोन्ही एकाच कार्यालयातून मिळतात आणि दिसतातही सारखेच, म्हणून अर्ज करतानाच ‘राज्याचं हवंय’ असं स्पष्ट सांगा.

नाव आणि सीमाभाग

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हा फरक चालून जातो. स्पेलिंगचा चालत नाही. एका मुलाच्या वडिलांचं नाव दहावीला ‘बाजीराव’ आणि जातीच्या दाखल्यावर ‘बाजी’ होतं, फॉर्म दोनदा परत आला. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा, बाकीचे कागद तिच्याकडे वळवून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी नावाबदलाचं राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावं.

निपाणी, बेळगाव, खानापूरकडून येणाऱ्या मुलांसाठी : महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे. गाव त्या यादीत असल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं, अशी दोन प्रमाणपत्रं लागतात, नमुने माहिती पुस्तिकेतच असतात. हा प्रकार न निवडता ही मुलं थेट राज्याबाहेरच्या गटात नाव घालतात आणि हातातली संधी घालवतात. मायग्रेशन, म्हणजे आधीच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्रही आधीच काढून ठेवा.

फॉर्म भरल्यावर

तपासणी ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर जाऊन, जे सोयीचं ते निवडा. घरी स्कॅनर नसेल तर केंद्रावरच जा. मोबाइलने काढलेल्या फोटोत बोटं आणि सावल्या येतात, तारीख वाचता येत नाही आणि फॉर्म परत येतो. परत आलेला फॉर्म लॉगिनमध्ये शेरा घेऊन पडून राहतो. रोज सकाळी एकदा लॉगिन उघडून बघायची सवय लावा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि ऐन शेवटच्या दिवशी तो जोतिबाला गेलेला असतो.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपला प्रवर्ग, टक्के, उमेदवारीचा प्रकार तपासा. हरकतीला दोन-तीन दिवसच मिळतात. मग पर्याय भरायचे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत चांगलं बघू म्हणता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं तेच पहिलं लिहा. जागा लागल्यावर लॉगिनमधून शुल्क भरून ती स्वीकारायची आणि मग मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक करून दुसरी विसरलात तर जागा जाते.

फीचं

‘कॅपच्या भानगडीत कशाला पडता, आमच्याकडे थेट प्रवेश घ्या,’ असं सांगणारे एजंट उन्हाळ्यात गावोगाव फिरतात. थेट घेण्याआधी हे समजून घ्या. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून आलेल्यांना मिळते, व्यवस्थापन कोट्यातल्यांना नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत आहे, तीही कॅपमधूनच. एजंट हे बोलत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर प्रवेशानंतर वेगळा भरायचा. पैसे ज्या खात्याला आधार सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी (डीबीटी) जोडलेलं असेल त्यातच येतात. बँकेत जाऊन ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारलं तर ‘आहे’ म्हणतात. ‘डीबीटीसाठी सीडिंग याच खात्याला आहे का’ असं विचारा. मुलांचं सीडिंग पुष्कळदा शाळेत असताना उघडलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला असतं.