टिंग संपल्यावर टिंग-टाँग ऐकू कसं येतं?

दाराची बेल वाजते. टिंग-टाँग. आपण उठतो, दार उघडतो आणि बेल विसरून जातो. आज दार उघडायच्या आधी क्षणभर तिथेच थांबू या.

इलेक्ट्रॉनिक बेलमध्ये पहिला सूर साफ तुटतो आणि मग दुसरा लागतो. म्हणजे 'टाँग' कानावर पडतं तेव्हा 'टिंग' कुठेही वाजत नसतं. तरी 'टाँग' आपल्याला 'खालचा सूर' म्हणून ऐकू येतं. हा खालचेपणा त्या सुरात नाही. तोच सूर एकटा वाजला असता तर तो वरचाही नसता आणि खालचाही नसता, नुसता एक सूर असता. तो खालचा वाटतो तो 'टिंग'च्या मानाने, आणि 'टिंग' तर संपलंय. बरं, ते मनात जसंच्या तसं वाजत राहिलं असं म्हणावं तर दोन्ही सूर एकदम ऐकू यायला हवेत, हार्मोनियमच्या दोन पट्ट्या एकत्र दाबल्यासारखे. तसंही होत नाही. पहिला सूर पुरता गेला म्हटलं तर चाल उरत नाही, राहिला म्हटलं तर गोंगाट होतो.

मला हे कोडं तत्त्वज्ञानातल्या सगळ्यात सुंदर कोड्यांपैकी एक वाटतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, ग्रंथालयही लागत नाही. निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या भाषांत माणसं यापाशी अडखळली आणि प्रत्येकाने ते सोडवायला वेगळी हत्यारं काढली. मला त्या हत्यारांविषयीच लिहायचं आहे.

जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात १९०५ च्या सुरुवातीला एडमुंड हुसर्ल काळाच्या जाणिवेवर व्याख्यानं देत होता. मूळचा तो गणिती. व्हिएन्नाला १८८३ मध्ये गणितात डॉक्टरेट करून मग तत्त्वज्ञानाकडे वळलेला. फिनॉमेनॉलॉजी या विचारपद्धतीचा तो जनक. नाव अवघड आहे, पण मुख्य सूचना साधी आहे: अनुभव कशामुळे आला हे विचारायच्या आधी तो कसा आला ते नीट पाहा. बेल कोणी वाजवली, तिच्यात कोणतं सर्किट आहे, कानाच्या पडद्याचं काय झालं, मेंदूत काय पेटलं, हे सगळे प्रश्न खरे आहेत, पण सध्या बाजूला ठेवायचे. खोटे ठरवायचे नाहीत, फक्त वापरायचे नाहीत. या बाजूला ठेवण्याला हुसर्लने पुढे प्राचीन ग्रीक संशयवाद्यांचा 'एपोखे' हा शब्द घेतला. काळावरच्या व्याख्यानांची सुरुवातही तो अशीच करतो. घड्याळाचा काळ बाजूला ठेवतो आणि सूर ऐकताना सूर कसा भासतो तेवढंच पाहतो.

त्याला दिसलं ते असं. 'आत्ता' हा टाचणीच्या टोकासारखा बिंदू नसतो. नुकताच होऊन गेलेला सूर 'नुकताच होऊन गेलेला' या रूपातच आत्ताच्या जाणिवेत धरलेला असतो. तो वाजत नसतो, मागे सरत असतो. यासाठी हुसर्लने धूमकेतूच्या शेपटीची उपमा वापरली आणि या धरण्याला 'रिटेन्शन' म्हटलं. त्याचंच दुसरं टोक पुढे झुकलेलं असतं, येणाऱ्या सुराकडे. ते 'प्रोटेन्शन'.

हे आठवणीपेक्षा वेगळं कसं, ते स्वयंपाकघरात कळतं. "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" असं कोणी विचारलं की आपण थांबतो, मागे जातो, आठवतो: एक मघाशी झाली, दुसरी फोन आला तेव्हा. गेलेली गोष्ट पुन्हा वर काढावी लागते. हे स्मरण. 'टाँग' ऐकताना मात्र 'टिंग' आठवावं लागत नाही. ते अजून हातातून पुरतं सुटलेलंच नसतं. शिट्ट्यांची गणती चुकते, कारण आठवताना गफलत होते. 'टाँग' वरचा की खालचा, यात सहसा गफलत होत नाही.

पुढे झुकण्याचा अनुभव मैफिलीत बसलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही. तीनताल चाललेला आहे, तबलजीने तिहाई घेतली. तोच तुकडा एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा सुरू झाला की सगळ्या श्रोत्यांच्या माना समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघालेल्या असतात. सम अजून आलेली नाही. तरी ती सभागृहात आहे, तिच्या जागेसकट. वादकाने मुद्दाम एक मात्रा लांबवली तर पायरी आहे असं समजून पाय टाकावा तसा शरीराला धक्का बसतो. तिथे काहीच वाजलं नाही, पण 'न वाजणं' ऐकू आलं.

आता ग्योटिंगेन सोडून सुमारे दीड हजार वर्षं मागे जाऊ.

मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबरस्वामींपुढे हाच पेच होता, फक्त त्यांच्याकडे तो सुराचा नव्हता, शब्दाचा होता. ते विचारतात: 'गौः' यात शब्द कोणता? आणि आधीच्या आचार्याचा हवाला देऊन उत्तर देतात: गकार, औकार आणि विसर्ग, असं भगवान उपवर्ष म्हणतात. पण लगेच पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, उभा राहतो. ग उच्चारला तेव्हा औ नव्हता, औ उच्चारला तेव्हा ग संपला होता. एकटा ग गाय सांगत नाही, एकटा विसर्गही सांगत नाही, आणि तिघं एका वेळी कधी भेटतच नाहीत. मग गाय कळते कुणामुळे? शबरांचं उत्तर एका ओळीत आहे: पूर्ववर्णजनितसंस्कारसहितोऽन्त्यो वर्णः प्रत्यायकः। आधीच्या वर्णांनी उमटवलेले संस्कार, म्हणजे मनावरचे ठसे, सोबत घेऊन आलेला शेवटचा वर्ण अर्थ सांगतो.

शेजारी ठेवलं की वाटतं, हेच तर हुसर्ल म्हणाला! इथे घाई करू नये. शबरांच्या विरोधकांना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. सगळे संस्कार शेवटी एकत्रच गोळा होणार असतील तर त्यांचा क्रम कुठे राहिला? कपि म्हणजे माकड आणि पिक म्हणजे कोकिळ. वर्ण तेच, माल तोच. पिशवीत एकत्र टाकला तर कोणता आधी पडला हे पिशवीला काय ठाऊक? कपि-पिक ही जोडी शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात आली आहे, राजा आणि जारा यांच्या बरोबरीने. त्यांनी तिथे दिलेला दृष्टांत मला फार आवडतो: मुंग्या एकामागून एक चालत असतील तरच 'रांग' ही जाणीव होते, तसेच वर्ण क्रमाने आले तरच 'पद' ही जाणीव होते. रांग ही मुंग्यांहून निराळी वस्तू नाही, पण मुंग्यांचा ढीग म्हणजेही रांग नव्हे.

हुसर्लला हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवावी लागली. त्याच्याकडे पिशवी नाही, घडी आहे. दुसरा सूर मागे सरतो तो पहिल्याच्या सरण्याला पोटात घेऊन, आणि तिसरा सरतो तो या दोघांना घेऊन. धरण्याच्या आत धरणं, त्याच्या आत आणखी धरणं. क्रम वेगळा जपावा लागत नाही, तो घड्यांमध्येच असतो.

तिसरा पक्ष पाचव्या शतकातल्या भर्तृहरीचा. तो वैयाकरण. वाक्यपदीयात तो म्हणतो की शब्द तुकड्यांनी बनतच नाही, तो अखंड असतो. त्याला स्फोट म्हणतात. ध्वनी फक्त त्याला हळूहळू उजळवतात. पाठ करताना श्लोक पहिल्या आवृत्तीत धूसर असतो आणि शेवटच्या आवृत्तीत पक्का होतो, तसं प्रत्येक ध्वनी बुद्धीत बी पेरत जातो आणि अखेरच्या ध्वनीबरोबर शब्द लख्ख होतो. स्फोटवाद्यांचा मोठा आधार अनुभव हाच आहे: 'हा एक शब्द' अशी प्रतीती सगळ्यांना येते की नाही? तीन अक्षरं ऐकली असं कुणी म्हणत नाही. शंकराचार्य यावर उलटतात. यात दृष्टहानी आणि अदृष्टकल्पना असे दोन्ही दोष आहेत, म्हणतात. वर्ण ऐकू येतात ते सोडायचे आणि जो ऐकू येत नाही तो स्फोट मानायचा. वर्णांनी स्फोट उजळवायचा आणि स्फोटाने अर्थ, ही 'गरीयसी कल्पना', विनाकारण जड झालेली.

हा वाद कसा चालतो तेही पाहण्यासारखं आहे. हुसर्ल एकटा बसून आपल्या अनुभवाचं वर्णन करतो, खोडतो, पुन्हा करतो. त्याच्या लघुलिपीतल्या टिपणांची सुमारे ४० हजार पानं मागे राहिली. शबर किंवा शंकराचार्य विरोधकाला वाक्यात बसवून घेतात, त्याचं म्हणणं त्याच्याहून जोरकस मांडतात आणि मग तोडतात. एकाची शिस्त टक लावून पाहण्याची, दुसऱ्याची कुणाशी तरी भांडत पाहण्याची.

तिसरी एक शिस्त अभिधम्माची, म्हणजे बौद्धांच्या मनाचं विश्लेषण करणाऱ्या शास्त्राची. तिथे अनुभवाचा भुगा करतात. ध्यानाने तीक्ष्ण झालेल्या लक्षाने ऐकण्यासारखी एक सलग घटना चित्तक्षणांमध्ये, म्हणजे जाणिवेच्या सुट्या क्षणांमध्ये, फोडायची. थेरवादी परंपरा इंद्रियज्ञानाच्या एका पूर्ण प्रक्रियेत सतरा चित्तक्षण मोजते. ते समजावताना आंब्याचा दृष्टांत देतात: झाडाखाली झोपलेला माणूस, फळ पडल्याने जागा होतो, पाहतो, उचलतो, चाचपतो, वास घेतो, खातो, गिळतो, पुन्हा झोपतो. या शास्त्राचं 'अभिधम्मत्थसंगह' हे पाठ्यपुस्तक १९४१ मध्ये स्वतःच्या पाली टीकेसह छापणारे धर्मानंद कोसंबी गोव्याचे होते. टीकेचं नाव त्यांनी 'नवनीत' ठेवलं, लोणी.

आणि मेंदू? त्याला आपण मुद्दाम दाराबाहेर ठेवलं होतं. आता आत घेऊ. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्तो नॅटेनन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक विद्युतलहर वर्णिली. माणसाला पुस्तक वाचायला द्या आणि कानात एकसारखे सूर सोडत राहा. मध्येच एक सूर वेगळा टाका. त्याचं लक्ष पुस्तकात असलं तरी वेगळा सूर आल्यावर साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत डोक्यावरच्या इलेक्ट्रोडना एक ठरावीक लहर दिसते. वेगळेपणा हा तुलनेशिवाय कळत नाही, म्हणजे गेलेल्या सुरांची नोंद कुठेतरी शाबूत आहे. अपेक्षित सूर गाळला तर त्या शांततेलाही मेंदू प्रतिसाद देतो. आपली हुकलेली सम!

मग रिटेन्शन सापडलं असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण शबरांकडून मिळतं. ही लहर झोपेतही दिसू शकते. कोमातल्या रुग्णात ती दिसते का हे डॉक्टर पाहतात, कारण शुद्ध परत येण्याची शक्यता अजमावायला तिची मदत होते. म्हणजे ती अनुभवाविनाही उमटू शकते. आपल्याकडे संस्कार हा असाच मानला आहे: तो दिसत नाही, जाणवत नाही, कार्यावरून त्याचं अनुमान करायचं. नॅटेननची लहर संस्काराच्या जवळची आहे. हुसर्लचं रिटेन्शन त्याच्या नेमकं उलट टोकाला आहे. ते जाणवतं म्हणूनच त्याला ते मान्य आहे. न जाणवणारी वस्तू उत्तरात आणायची नाही हा त्याच्या पद्धतीचा नियम. मीमांसकाला मात्र कार्य घडलंय आणि दुसरी वाट नाही एवढं दाखवलं की अदृष्ट मानायची मुभा असते, फक्त ते हलकं हवं. तीच घटना, पण पद्धत बदलली की उत्तरात काय बसू शकतं तेच बदलतं. म्हणून 'आमच्याकडे हे आधीच सांगितलं होतं' हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. त्यात शबरांचाही तोटा होतो आणि हुसर्लचाही.

आतून पाहणाऱ्याच्या साक्षीवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न राहतोच. स्वीडनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दोन चेहऱ्यांच्या फोटोंतून एक निवडायला सांगितलं, हातचलाखीने न निवडलेला फोटो त्यांच्या हातात दिला आणि 'हा कशासाठी निवडलात?' असं विचारलं. बहुतेकांना बदल कळला नाही. त्यांनी न केलेल्या निवडीची कारणंही दिली. पण फ्रान्समध्ये क्लेअर पेतिमांजाँ यांच्या गटाने पुढे यातच एक गोष्ट घातली: कारण विचारण्याऐवजी, निवडताना नेमकं काय काय झालं याची सावकाश, बारकाईने मुलाखत. अशी मदत न मिळालेल्यांना ३३ टक्के वेळा फसवणूक ओळखता आली होती, मुलाखतीनंतर ती ८० टक्के वेळा ओळखली गेली. पाहणं शिकवता येतं. रियाज न केलेला कान जसा श्रुती चुकवतो, तसाच हा प्रकार.

पुण्यात १९८३ मध्ये एक धाडस झालं होतं. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधुनिक तत्त्वज्ञ आणि परंपरागत शास्त्री समोरासमोर बसवले. पाश्चात्त्य मतांवर शास्त्रीजींचं 'आपल्याकडे याला काय म्हणतात' एवढंच मत घ्यायचं नव्हतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची प्रपोझिशनची, म्हणजे विधानाची, कल्पना संस्कृतात त्यांच्यापुढे ठेवायची आणि ती टिकते का ते त्यांच्याच रीतीने तपासू द्यायचं, असा तो घाट होता. तशा सभेत मला आज रिटेन्शन ठेवायला आवडेल. पण ठेवायचं कोणत्या शब्दात? संस्कार चालत नाही, तो न जाणवणारा. स्मृती चालत नाही, ती कुकरची शिट्टी. धारणा योगशास्त्राने आधीच वेगळ्या कामाला, चित्त एका जागी बांधायला, लावली आहे. मराठीत 'सूर रेंगाळतो' म्हणावं तर तो अजून वाजतोय असं होतं.

डिसेंबर संपत आला की आपण 'सरतं वर्ष' म्हणतो. ते गेलेलं नसतं आणि उरलेलंही नसतं, जाता जाता हाताशी असतं. मी सध्या माझ्या वहीत 'सरता सूर' असं लिहितो आहे.